ईशज्ञानाची उत्तरपत्रिका मराठीत तपासाल का?

प्रति,
महाराष्ट्रातल्या कॅथलिक धर्मप्रांतांचे बिशप महोदय,
आणि ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) अभ्यासक्रम आखणारे, शिकवणारे, पेपर तपासणारे सर्व फादर, सिस्टर व प्राध्यापक

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

"टीचर, देव एक आणि व्यक्ती तीन, म्हणजे रेशनकार्ड एक आणि माणसं तीन, तसंच ना?"

पाच वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्या गोराईतल्या चौथीच्या पोरानं मला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याबद्दल हे विचारलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपली होती, चर्चमागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग चालू होता, वीसेक मुलं चटईवर. मी बोरिवलीला पालिकेच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे, पोरांच्या प्रश्नांना सहसा डगमगत नाही. त्या दिवशी मात्र "हे गूढ आहे बाळा, मोठा झालास की कळेल" असं म्हणून सुटका करून घेतली. पोरगं गप्प बसलं. मी तर केव्हाच मोठी झाले होते आणि मलाही कळलेलं नव्हतं.

म्हणून ईशज्ञान शिकायला गेले. त्याचं पुढे काय झालं, ते सांगायला हे पत्र.

जाहीर पत्र लिहिते आहे, कारण खाजगीत विचारून झालंय. उद्धटपणा वाटू नये म्हणून आधीच सांगते: कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, 212 व्या कलमात म्हटलंय, की ख्रिस्तसभेच्या हिताबद्दल आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, प्रसंगी ते त्यांचं कर्तव्यही आहे. हे कलम मला तुमच्याच वर्गात शिकवलं गेलं.

वर्ग मुंबईतल्याच एका संस्थेत होते, प्रापंचिकांसाठी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्यांसाठी, संध्याकाळचे. तीन वर्षं. शाळा सुटली की लोकल, वर्ग संपला की परत लोकल, बस, आणि खाडीवर शेवटची बोट. बोट चुकली की भाईंदर-उत्तनचा वळसा घालून रस्त्यानं घरी. दोनदा चुकली. दुसऱ्यांदा नवरा म्हणाला, "देवाच्या अभ्यासासाठी देवानं बोट तरी थांबवायला हवी होती." पण त्यानंच रोज रात्री दिवा घेऊन धक्क्यावर यायचं सोडलं नाही, तेव्हा त्याच्याबद्दल तक्रार नाही.

शिकवणारे फादर उत्तम होते, हेही आधी सांगते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर दोन ग्रीक शब्द लिहिले: 'ऊसिया' आणि 'हायपोस्टॅसिस'. 325 साली बिशपांची निकियाची परिषद भरली तेव्हा हे दोन्ही शब्द जवळजवळ एकाच अर्थानं वापरले जात होते. पुढची पन्नास-साठ वर्षं धर्मपंडित त्यावरून भांडले. बेझिल आणि दोन ग्रेगरी, या कप्पदुकियाच्या तिघांनी त्या शब्दांची नीट वाटणी करून दिली, की ऊसिया, म्हणजे देवाचं तत्त्व, एक, आणि हायपोस्टॅसिस, म्हणजे आपण ज्याला व्यक्ती म्हणतो ते, तीन. इकडे लॅटिनवाल्यांचा शब्द 'पर्सोना', म्हणजे मुळात नाटकातला मुखवटा. ग्रीकांना वाटायचं, हे लोक देवाला तीन मुखवटे लावतायत. लॅटिनवाल्यांना वाटायचं, हे लोक तीन देव मानतायत. श्रद्धा एकच, आणि दोन भाषांतली शहाणी माणसं एकमेकांकडे संशयानं बघत बसलेली.

मी वहीच्या समासात लिहिलं: आणि तिसरी भाषा मराठी.

कारण आपण 'व्यक्ती' म्हणतो. हा शब्द आला 'व्यक्त'वरून. मूळ धरून अर्थ लावला तर एक देव तीन प्रकारे व्यक्त होतो, असं निघतं. ऐकायला गोड आहे, पण याच मतासाठी तिसऱ्या शतकात सबेलियसला ख्रिस्तसभेनं चुकीचा ठरवलं होतं. बरं, मूळ सोडून रोजच्या बोलण्यातला अर्थ घ्यावा, तर व्यक्ती म्हणजे माणूस, आणि लगेच रेशनकार्ड पुढे येतं! म्हणजे आमच्या पोराचा प्रश्न पोरकट नव्हताच. त्याचा एका टोकाला पाय घसरला होता, मी दुसऱ्या टोकाला घसरले असते, आणि मधली वाट शोधायला ग्रीकांना अर्धं शतक लागलं होतं. (मराठीत व्यक्ती ही 'ती' असते. पिता ती व्यक्ती, पुत्र ती व्यक्ती, पवित्र आत्मा ती व्यक्ती. व्याकरणानं एवढं आमच्या पदरात टाकलंय, ते मी कुणाला परत देणार नाही.)

त्या रात्री बोटीत मला काय आनंद झाला होता ते कसं सांगू! शाळेत इतकी वर्षं शब्दांच्या जाती शिकवल्या, पण एका शब्दावर इतकं काही टांगलेलं असतं हे तेव्हा दिसलं.

सत्राच्या शेवटी परीक्षा होती आणि त्रैक्यावर प्रश्न येणार हे सांगून ठेवलेलं होतं. मी विचारलं, उत्तर मराठीत लिहू का? आधी सांगितलं गेलं, नियमात बसत नाही. मग सांगितलं, तपासणार कोण? मग सांगितलं, मराठीत परिभाषा नाही, दर्जा राहणार नाही. हे शेवटचं सांगणारे फादर स्वतः मराठी घरातले. दाराशी आल्यावर हळूच म्हणाले, "मला पटतंय हो बाई, पण काय करू?"

मी इंग्रजीत लिहिलं. माझं इंग्रजी मराठी शाळेतल्या शिक्षिकेचं असतं तसं आहे, वाचता येतं, पाठ करता येतं, भांडता येत नाही. नोट्समधली अडीच पानं जशीच्या तशी उतरवली. व्यक्ती, सबेलियस, रेशनकार्ड, यातलं काहीच त्यात नव्हतं. गुण चांगले पडले. तेच लागलं.

आता "मराठीत परिभाषा नाही" याबद्दल. फादर स्टीफन्सचं नाव घ्यायचा मोह होतो, पण त्यांची मराठीच्या थोरवीची ओवी आपल्या प्रत्येक स्टेजवर इतकी म्हटली जाते, की ती म्हणणाऱ्यांनी पुढचं-मागचं वाचलंय का, अशी शंका येते. मी फक्त एवढंच आठवून देते. तो इंग्लंडमधून आलेला जेझुइट संघाचा धर्मगुरू. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं तेव्हा देवनागरीचे छपाईचे खिळेसुद्धा हाताशी नव्हते, मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. आणि त्यानं निर्मिती, पतन, देहधारण, तारण, सगळं जवळजवळ अकरा हजार ओव्यांत सांगितलं. खिळे नव्हते तेव्हा शब्द होते. आज खिळे आहेत, संगणक आहेत, वर अभिजात भाषेचा दर्जाही आलाय, आणि म्हणे शब्द नाहीत.

पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, प्रोटेस्टंट होत्या. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणारी ही बाई 1922 मध्ये वारली, म्हणजे त्याला शंभर वर्षं उलटली. आपल्यातल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2020 मध्ये ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बिशप थॉमस डाबरेंनी तुकारामांच्या देवानुभवावर प्रबंध लिहिला. मराठी माणसानं ईशज्ञान करावं याला आपल्याकडे दाखले कमी नाहीत. फक्त ते सगळं वर्गाच्या बाहेर राहिलंय.

मला तर अडचण उलटी दिसते. मराठीत शब्द इतके आहेत, आणि ते आधीच इतके भरलेले आहेत, की हात लावताना सांभाळावं लागतं. अवतार म्हटलं की 'संभवामि युगे युगे' आलंच, आणि आपण तर एकदाच, कायमचं, म्हणतो. कृपा म्हटलं की वारकरी आले. 'तारण' घ्या. आमच्या गावात तारण म्हटलं की बायकांना आधी बांगड्या आठवतात. जून-जुलैत मासेमारी बंद, घरात पैसा नाही, की सोनं तारण ठेवायचं, आणि होड्या परत समुद्रात गेल्या, चार पैसे आले, की सोडवून आणायचं. एकदा वर्गात बायबलातल्या संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय चालू होता. फादर म्हणाले, इथे पौलाचा ग्रीक शब्द 'अपोलिट्रोसिस' आहे, म्हणजे मोल भरून सोडवून घेणं, गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवतात तसं. मी ताडकन उठून बसले. अहो, हे तर आमच्या सोनाराच्या दुकानातलं आहे! आपण मराठीत तारण म्हणजे भवसागरातून तारून नेणं, एवढंच धरून चाललोय, आणि त्याच शब्दाच्या दुसऱ्या खिशात पौलाचा अर्थ पडून आहे. यावर वाद घालता येईल. मोल कुणाला भरलं, सावकार कोण, सैतान की खुद्द पिता, हा वाद तर चर्चच्या पंडितांनी शतकानुशतकं घातलाय. पण तो वाद गोराईच्या बाईला मराठीत घालू द्या. ती सोनाराशी घालते तेव्हा हरत नाही.

उगाच वर्गाचं कौतुक म्हणून हे मागत नाही. ईशज्ञानाची परीक्षा आमच्याकडे मयताच्या घरी होते. गेल्या वर्षी पावसाळ्यात शेजारची म्हातारी गेली. रोझरीची प्रार्थना झाली, फादर आशीर्वाद देऊन पुढच्या घरी गेले, चहा फिरला. तिची जन्माची मैत्रीण कोळीण, हिंदू, भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "बाय, तुमच्यात परत जन्म नाय ना? मग ती आता कुठं हाय?" घरातल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आत्मा वर गेला, एवढं म्हणून भागत नव्हतं, कारण आम्ही दर रविवारी 'देहाच्या पुनरुत्थानावर' श्रद्धा ठेवतो असं म्हणतो. देहाच्या. तो तर समोर पेटीत होता. मरण आणि शेवटचा दिवस यांच्या मधल्या काळात माणूस असतो कसा, यावर मी इंग्रजीत एक निबंध लिहिला होता, चांगला सात पानांचा. त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. म्हटलं, "देवाच्या हातात हाय." ती म्हणाली, "ते तर आमचीबी हायेत." आणि खरंच, तिचं बरोबर होतं, पुढचं काही मला सांगताच आलं नाही.

गावोगावी अशा घरांत प्रार्थना चालवणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांना ही भाषा कोण देणार?

आपण म्हणाल, ईशज्ञान ही जागतिक विद्या आहे. मान्य. मग जगात बघू. आपल्या वसईचा किंवा मुंबईचा एखादा हुशार तरुण फादर पुढच्या अभ्यासाला रोमला जातो, तेव्हा आधी काही महिने इटालियन शिकतो. ग्रेगोरियन विद्यापीठात एकेकाळी सगळं लॅटिनमध्ये चालायचं, आज मुख्यतः इटालियनमध्ये चालतं. मागच्या वर्षी ज्याला इटालियनमध्ये पाणी मागता येत नव्हतं तो यंदा इटालियनमध्ये तोंडी परीक्षा देतो, आणि दर्जा खालावला असं कुणी म्हणत नाही. जर्मनीत जर्मनमध्ये होतं. बेल्जियमचं लूव्हेन हे 1425 पासूनचं कॅथलिक विद्यापीठ, ते तर 1968 मध्ये शिकवण्याच्या भाषेवरून दुभंगलं. फ्लेमिशवाले जागेवर राहिले, फ्रेंचवाल्यांनी दुसरीकडे नवं गाव वसवलं, आणि ग्रंथालयातली पुस्तकं सम-विषम आकडे बघून वाटून घेतली म्हणतात. तसं काही आम्हांला नको. पुस्तकं सगळी तुमच्याकडेच राहू द्या.

पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ आपल्या डोळ्यांसमोर आहे. 1893 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी श्रीलंकेत कँडीला सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी संस्था, काढली, ती 1955 मध्ये पुण्यात आली, तिचाच हा विस्तार. तिथे सबंध देशातून मुलं येतात. मिझोची आणि मल्याळीची गाठ इंग्रजीशिवाय कशी पडणार? त्यामुळे तिथे तत्त्वज्ञानाचा आणि ईशज्ञानाचा अख्खा पदवी अभ्यासक्रम मराठीत करा असं मी म्हणत नाही. मराठी मुलखात सत्तर वर्षं राहिल्यावर एखादा पेपर मराठीत घ्यायला हरकत नसावी, एवढं मात्र वाटतं.

माझं मागणं त्याहून खालच्या पायरीवरचं आहे. प्रापंचिकांसाठी जे वर्ग आपण चालवता, तिथे ज्याला हवं त्याला मराठीत उत्तर लिहू द्या. व्याख्यान इंग्रजीत असलं तरी चालेल, आम्ही समजून घेऊ. तपासायला माणूस नाही, हे मला पटत नाही. मराठी समजणारे, रोमहून शिकून आलेले फादर आणि सिस्टर आपल्याकडे आहेत, रविवारी सुंदर मराठीत प्रवचन देतात. त्यातल्या दोघांनी वर्षातून दोनदा गठ्ठा घरी न्यायचा आहे. शाळेत आम्ही मे महिन्यात साठ-साठ पेपरांचे गठ्ठे नेतो. आणि तपासताना प्रत्येकानं कुठल्या ग्रीक शब्दाला कुठला मराठी शब्द वापरला, तो का, हे एका वहीत उतरवत गेलं, तर दहा वर्षांनी परिभाषा नाही असं म्हणायची सोय उरणार नाही. 'सुवार्ता' आणि शंभरी पार केलेला 'निरोप्या' अशी मासिकं आपल्याकडे आहेतच, ती वही छापायला जागा मिळेल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. कॅनन लॉचं 229 वं कलम प्रापंचिकांना ख्रिस्ती शिकवण शिकण्याचा हक्क देतं, इतकंच नाही तर विद्यापीठांत जाऊन पवित्र शास्त्रांच्या पदव्या घेण्याचाही देतं, आणि पात्र असतील तर शिकवण्याची जबाबदारी सोपवता येते असंही म्हणतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्येच आशा व्यक्त केली होती, की अनेक प्रापंचिकांनी ही शास्त्रं शिकावीत आणि काहींनी त्यांना वाहून घ्यावं. त्याआधी दोन वर्षं, 1963 च्या डिसेंबरात, त्याच परिषदेनं उपासनेत लोकभाषेला दार उघडलं. आपण मिस्सा मराठीत आणली, गाणी मराठीत आली, क्रूसाची वाट मराठीत आली. अभ्यास तेवढा दाराबाहेर थांबला.

माझी आई 1964 मध्ये ओव्हल मैदानावर गेली होती, पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा. वीस वर्षांची होती, गोराईहून बायकांच्या घोळक्याबरोबर गेली. पोपला तिनं अंगठ्याएवढं पाहिलं, असं ती अंगठा दाखवून सांगायची. याच मुक्कामात या पोपनी मुंबईत इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना उपनिषदातली प्रार्थना म्हटली होती, असत्याकडून सत्याकडे ने, अंधाराकडून उजेडाकडे ने. हे मला वर्गात कळलं. आईला सांगितलं तर तिला पटेना. "आपल्या पोपनी? आपल्या मुंबईत?"

आणि याच पोपनी 1970 मध्ये पहिल्यांदा दोन बायकांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून मान दिला. अविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन. दोघींचंही लॅटिनमध्ये शिक्षण झालेलं नव्हतं. तेरेसानं स्पॅनिशमध्ये लिहिलं. कॅथरिन आपल्या तोस्कानी बोलीत सांगत जायची आणि दुसरे उतरवून घ्यायचे. आज या दोघी आमच्या संस्थेत येऊन मातृभाषेत पेपर देऊ का म्हणाल्या असत्या, तर दाराशी त्यांना काय ऐकायला मिळालं असतं, ते मला माहीत आहे.

या अभ्यासानं नोकरी मिळत नाही, पगारवाढ होत नाही, हे ठाऊक आहे. शाळेत सहकारी विचारतात, "एवढं शिकून तू काय, फादर होणार?" हसून सोडून देते.

तो चौथीतला पोरगा आता नववीत आहे. वर्गाला येत नाही, फुटबॉलला जातो, वाटेत दिसला की तोंड चुकवतो. मी त्याला एक उत्तर देणं लागते. म्हणून परीक्षा झाल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर घरी बसून मराठीत लिहून काढलं. अकरा पानं झाली. रेशनकार्डापासून सुरुवात आहे, कप्पदुकियावरून सबेलियसपर्यंत जाते, आणि 'व्यक्ती' हा शब्द ठेवावा की टाकावा, यावर मी शेवटी ठेवावा असं म्हटलंय, कारणांसकट. त्यात चुका असतील. त्या मला मराठीत दाखवून हव्या आहेत.

आपल्यापैकी कुणी तपासायला तयार असेल तर गोराईच्या चर्चमध्ये निरोप ठेवावा, पानं आणून देईन. अक्षर शिक्षिकेचं आहे, वाचायला त्रास होणार नाही. समास सोडलेला आहे.

आपली नम्र,
गोराईची एक धर्मशिक्षिका